दबाईचे शास्त्र
रस्त्याचा भार अखेर ज्या मातीच्या थरावर उतरतो, त्या तळथराची दबाई, म्हणजे मातीच्या कणांमधील हवा काढून ती घट्ट करणे, हे काम धुम्मसाने आणि पुढे रोलरने दीर्घकाळ होत आले, तरी ती पुरेशी झाली की नाही, याचा निवाडा बहुधा अनुभवी नजरेवरच सोपवलेला असे. १९३३ मध्ये लॉस एंजेलिसच्या पाणीपुरवठा विभागातील अभियंते राल्फ प्रॉक्टर यांनी मातीच्या धरणांच्या कामातून असे दाखवून दिले, की ठरावीक ठोक्यांखाली मातीची कोरडी घनता ओलाव्याबरोबर एका मर्यादेपर्यंत वाढते व नंतर घटते, कारण थोडे पाणी कणांना एकमेकांवर सरकू देते, तर जादा पाणी त्यांचीच जागा व्यापते. या मर्यादेला इष्टतम आर्द्रता म्हणतात. भारतीय मानकातील हलक्या दबाईच्या चाचणीत २.६ किलोचा धुम्मस ३१० मिलिमीटर उंचीवरून तीन थरांवर प्रत्येकी २५ वेळा टाकला जातो. तथापि महाराष्ट्रातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून तेथे केवळ घनतेवर न विसंबता मुरमाचा थर किंवा चुन्याचे मिश्रण यांची जोड द्यावी लागते.