हुकूम आणि उमज

कारभारात वरिष्ठाचा शब्द कधी नुसता हुकूम म्हणून खाली उतरतो, तर कधी उमज म्हणून. हुकूम बहुधा वरिष्ठाच्या नजरेपुरता चालतो. उमज त्याच्या पाठीमागेही टिकते. श्रीशिवछत्रपतींच्या एका पत्रात हा भेद स्पष्ट दिसतो.

१६७४ साली राज्याभिषेक झाला. त्याच्या थोडे आधी महाराजांनी चिपळूणनजीक छावणीस असलेल्या पागेचे जुमलेदार, हवालदार व कारकून यांस हे पत्र लिहिले. प्रसंग नाजूक होता. लष्कराच्या मुक्कामामुळे दाभोळच्या सुभ्यात पावसाळ्यासाठी केलेला दाणावैरणीचा साठा बराचसा खर्ची पडला होता. गडांवरचा गल्ला देववून कशीबशी बेगमी केली होती. ती पुरली नसती, तर घोडी गेली असती आणि रयतही नागवली गेली असती.

उधळपट्टी करू नये, रयतेस उपद्रव देऊ नये, एवढे दोन ओळींत लिहून भागले असते. महाराजांनी कारणे सांगितली. आज दाणा मनसोक्त चारला, तर भर पावसात तो मिळणार नाही. घोडी मेली, तर त्यांचा दोष अंमलदारांवरच येईल. मग शिपाई कुणब्यांच्या दाराशी जातील, तग धरून राहिलेली कुळेही परागंदा होतील, आणि हे मोगलांहूनही वाईट, असे रयत म्हणेल. आगीविषयीची सूचना तर इतकी बारीक आहे, की रात्री दिव्याची वात उंदीर ओढून नेईल, हा धोकाही त्यात नमूद आहे.

परंतु पत्र नुसत्या निषेधावर थांबत नाही. खजिन्यातून पैसा वाटून दिला आहे. जे हवे ते बाजारातून विकत घ्यावे. कारकून मापून देतील तेवढाच दाणा घ्यावा. प्रमुखांनी स्वतः फिरून देखरेख ठेवावी, असा मार्गही ते दाखविते. शिक्षेची ताकीद येते ती अगदी शेवटी. तोपर्यंत साधन दिलेले असते, कारणही पटविलेले असते. म्हणून ती ताकीद अन्यायाची वाटत नाही. सर्वांनी हे पत्र तपशीलवार ऐकावे, असेही त्यात बजावले आहे. दप्तरात बांधून ठेवण्यासाठी नव्हे, तर कानी पडण्यासाठी ते लिहिले गेले. त्याची भाषाही छावणीतल्या रोजच्या बोलण्याची आहे.

आजच्या कचेरीत आणि कारखान्यातही परिपत्रके निघतात. काय करावे, हे त्यांत असते. का करावे, हे पुष्कळदा नसते. मग परिपत्रकात न लिहिलेला प्रसंग उद्भवला, की हाताखालचा माणूस वरच्या आज्ञेची वाट पाहत बसतो. चिपळूणच्या हवालदाराला तशी वाट पाहण्याचे कारण नव्हते. साठा किती तुटपुंजा आहे आणि तो संपल्यास कोणावर काय ओढवेल, हे त्याला धन्यानेच सांगून ठेवले होते.