एंजिनाची शक्ती व आयुर्मान

अंतर्ज्वलन एंजिनापासून अधिक शक्ती मिळविताना त्याचे भाग किती काळ टिकतील, हा एंजिनांच्या इतिहासातील मूलभूत प्रश्न होय. रूडोल्फ डीझेल यांचे एंजिन १८९७ मध्ये यशस्वी झाले. महाराष्ट्रात साताऱ्याच्या कूपर कारखान्यात १९३०–४० या दशकात अशी एंजिने तयार होऊ लागली, तर १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑईल एंजिन्स ही कंपनी स्थापन झाली.

जालना जिल्हा (स्थापना १ मे १९८१) हा बेसाल्ट खडकाचा व अनिश्चित पर्जन्याचा प्रदेश असून तेथील बागायत मुख्यत्वे विहिरींवर विसंबून राहिली आहे. खेडोपाडी वीज पोहोचण्यापूर्वी मोटेची जागा तेल एंजिनाने घेतली. टंचाईच्या वर्षी विहिरीत उरलेले थोडे पाणी वेळेवर न मिळाल्यास पीक हातचे जाई. त्यामुळे कमाल शक्तीपेक्षा अखंड चालण्यास अधिक महत्त्व आले.

एंजिनाची गती दुप्पट केली, तर दट्ट्या व संयोगदांडा यांवरील निरूढीजन्य प्रेरणा चौपट होते. म्हणूनच मिनिटास सु. ६५० फेरे करणारी जुनी एंजिने अवजड असली, तरी दीर्घायुषी ठरली. नंतरची १,५०० फेऱ्यांची एंजिने हलकी होती; परंतु त्यांना वंगण व हवेतील धूळ यांबाबत अधिक दक्षता लागे. विहिरीचे थंड पाणी सिलिंडराभोवती प्रमाणाबाहेर खेळविल्यास आतील पृष्ठावर आम्लयुक्त ओलावा साचून झीज वाढते. म्हणजे अतितापनाप्रमाणे अतिशीतनही घातक असते.

ड्रॅग शर्यतीचे एंजिन हे याचे दुसरे टोक होय. अमेरिकेत १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन झाल्यावर पाव मैलाच्या (सु. ४०२ मी.) या सरळ शर्यतीस संघटित रूप आले. नायट्रोमिथेनावर चालणाऱ्या सर्वोच्च वर्गात २००८ मधील एका प्राणघातक अपघातानंतर हे अंतर १,००० फूट (सु. ३०५ मी.) करण्यात आले. या वर्गातील सु. ८·२ लिटरचे एंजिन काही सेकंदच पूर्ण शक्तीने धावते व प्रत्येक धावेनंतर ते उघडून झिजलेले भाग बदलावे लागतात.

इतका खर्च न पेलणाऱ्या स्पर्धकास फेरे वाढविण्याऐवजी मोठ्या आकारमानाचे एंजिन, घडीव पोलादाचा भुजादंड, संतुलित भाग, वंगणाचा अखंड दाब आणि पुरेशा इंधनाचे मिश्रण यांवर भर द्यावा लागतो. गतीची मर्यादा, स्वच्छ वंगण व नियंत्रित तापमान ही पथ्ये विहिरीवरील एंजिनास व शर्यतीच्या एंजिनास सारखीच लागू पडतात. फरक एवढाच की, एकास वर्षानुवर्षे टिकायचे असते, तर दुसऱ्यास पुढील धावेपर्यंत.