परक्यांना बंद असलेले दार : फेझमधील रियादचा इतिहास

१/ मोरोक्कोतील फेझ शहराच्या जुन्या तटबंदीत मुक्काम करू इच्छिणारा पर्यटक आज बहुधा 'रियाद' शोधतो. अरुंद गल्ली, रस्त्याच्या बाजूला जवळजवळ खिडक्याच नसलेली उंच भिंत, ठेंगणे दार आणि आत कारंज्याचा प्रशस्त चौक. अशा वास्तूला 'पारंपरिक अतिथिगृह' म्हटले जाते. वास्तू पारंपरिक आहेच. पण पैसे देऊन तेथे राहण्याची प्रथा मात्र अगदी अलीकडची आहे. शतकानुशतके हे दार परक्यांसाठी बंद होते. ते उघडले कसे, याचा हा धागा.

२/ आधी शब्द. अरबीत 'रौदा' म्हणजे बाग आणि 'रियाद' हे त्याचे अनेकवचन. खुलताबादचे जुने नाव 'रौझा' हे याच शब्दाचे फारसी वळणाचे रूप. फरसबंद चौकाभोवतीचे घर ते 'दार'. चौकात चार वाफ्यांची बाग आणि मधोमध पाणी असलेले घर ते 'रियाद'. पर्यटन व्यवसायाने आज दोहोंना एकच नाव देऊन टाकले आहे.

३/ फेझची स्थापना ७८९ मध्ये इद्रिस पहिला याने नदीच्या उजव्या तीरावर केली. त्याच्या पुत्राने नवव्या शतकाच्या प्रारंभी डावा तीर वसवला. ८१८ च्या उठावानंतर कोर्दोबातून हाकलले गेलेले लोक एका तीरावर, ट्युनिशियातील कैरुआनचे लोक दुसऱ्या तीरावर स्थिरावले. म्हणजे हे नगर आरंभापासूनच बाहेरून आलेल्यांचे. तरीही त्याची घरे आत वळलेली.

४/ या घरांची रचना खासगीपण जपण्यासाठीच होती. दारातून आत शिरताच वाट काटकोनात वळते, त्यामुळे दार उघडे असले तरी चौक दिसत नाही. खोल्यांना प्रकाश आणि वारा मिळतो तो चौकातून. पुरुष पाहुण्यांसाठी काही घरांत 'मस्रिया' नावाची वरची खोली असे. तिचा जिना प्रवेशाजवळूनच निघे. पाहुण्याचा मान राखला जाई, पण घराचा अंतर्भाग त्याच्या दृष्टीआड राही.

५/ बाहेरून कोरी भिंत, तर आत सारे वैभव. भिंतींच्या खालच्या भागात 'झेलीज', म्हणजे झिलईदार मातीच्या फरशांचे हाताने घडवलेले तुकडे जोडून केलेली भौमितिक नक्षी. त्यावर कोरीव गिलावा आणि माथ्यावर ॲटलास पर्वतातील देवदाराचे छत. नदीचे पाणी उतारावरील पाटांनी आणि नळांनी मशिदी, हमामखाने आणि घरांपर्यंत पोहोचवले जाई. चौकातले कारंजे हे त्याच नगरव्यापी जलव्यवस्थेचे एक टोक होते.

६/ मग वाटसरू कोठे उतरत? 'फुंदुक'मध्ये. मूळ ग्रीक शब्द 'पांदोखेइओन', अर्थ 'सर्वांना सामावून घेणारे'. अरबीतून तो इटालियनमध्ये गेला आणि व्हेनिसमधील परदेशी व्यापाऱ्यांच्या वखारी 'फोंदाको' म्हणवल्या जाऊ लागल्या. फुंदुकच्या मध्यभागी मोठा चौक असे. तळमजल्यावर जनावरे आणि माल, वरच्या मजल्यांवर व्यापारी आणि रात्री सर्वांसाठी बंद होणारा एकच भक्कम दरवाजा.

७/ याचा उत्तम साक्षीदार म्हणजे हसन अल-वज्जान, युरोपात 'लिओ आफ्रिकानस' म्हणून ओळखला जाणारा लेखक. ग्रानाडात जन्मलेला आणि फेझमध्ये वाढलेला हा माणूस सागरी लुटारूंच्या हाती सापडून रोमला पोहोचला. १५५० मध्ये छापल्या गेलेल्या त्याच्या आफ्रिकावर्णनात फेझमधील सुमारे २०० फुंदुकांचा उल्लेख आहे. पाहुण्याला पलंग मिळत नसे. चटई आणि पांघरूण तेवढे मिळे. जेवायचे तर बाजारातून सामान स्वतः आणावे लागे.

८/ विद्यार्थ्यांची सोय मदरशांत होती. १३५० च्या दशकात मरिनी सुलतान अबू इनान याने बांधलेल्या बू इनानिया मदरशात चौकाभोवती विद्यार्थ्यांच्या खोल्या आहेत. याच सुलतानाच्या आज्ञेवरून इब्न बतूताने १३५५ मध्ये फेझ येथे आपला प्रवास सांगून लिहवून घेतला. दौलताबाद पाहून गेलेल्या या प्रवाशाच्या आठवणी अशा या नगरात ग्रंथबद्ध झाल्या.

९/ थोडक्यात, व्यापाऱ्याला फुंदुक, विद्यार्थ्याला मदरसा आणि कुटुंबाला घर अशी नगराची वाटणी होती. ती विसाव्या शतकात मोडली.

१०/ ३० मार्च १९१२ रोजी फेझच्या तहाने मोरोक्को फ्रान्सचे संरक्षित राज्य झाले. एप्रिलमध्ये शहरातील मोरोक्कन सैनिकांनी बंड केले आणि ते रक्तपाताने दडपले गेले. त्यानंतर राजधानी रबातला हलली. व्यापार कासाब्लांकाच्या नव्या बंदराकडे वळला. फेझची सत्ता आणि फेझचे उत्पन्न एकाच पिढीत ओसरू लागले.

११/ फ्रेंच रेसिडेंट-जनरल लियोते आणि नगररचनाकार आँरी प्रोस्त यांनी जुन्या शहरांना हात न लावता त्यांच्याबाहेर युरोपीयांसाठी नवी शहरे वसवण्याचे धोरण आखले. त्यामुळे फेझची मदिना, म्हणजे तटाआतले जुने नगर, पाडापाडीपासून वाचली. पण रुंद रस्ते, कचेऱ्या, बँका आणि गुंतवणूक तटाबाहेर गेली. या विभागणीला समाजशास्त्रज्ञ जॅनेट अबू-लुघोद यांनी १९८० च्या आपल्या ग्रंथात 'नागरी वर्णभेद' म्हटले.

१२/ १९५६ मध्ये स्वातंत्र्य आले, फ्रेंच परतले आणि नव्या शहरातील घरे रिकामी झाली. मदिनेतील अनेक सधन कुटुंबे तेथे किंवा कासाब्लांकाला गेली. त्यांच्या मागे राहिलेल्या वाड्यांत खेड्यांतून आलेली गरीब कुटुंबे भाड्याने राहू लागली. कित्येकदा एका खोलीत एक कुटुंब. भाडे तुटपुंजे, वारसदार अनेक, दुरुस्ती कोणाचीच जबाबदारी नाही. छते खचू लागली आणि भिंतींना लाकडी टेकू लागले.

१३/ १९८१ मध्ये युनेस्कोने फेझची मदिना जागतिक वारसा यादीत समाविष्ट केली. १९८५ मध्ये माराकेशची झाली. मान मिळाला, पण हजारो खासगी घरांच्या दुरुस्तीचा खर्च कोण करणार? १९९० च्या दशकात याचे एक उत्तर बाजाराने दिले. आधी माराकेशमध्ये आणि मग फेझमध्ये परदेशी व मोरोक्कन खरेदीदारांनी जुनी घरे घेऊन त्यांची अतिथिगृहे केली. २००२ च्या पर्यटन कायद्याने अशा अतिथिगृहांना स्वतंत्र वर्ग म्हणून मान्यता दिली.

१४/ याचे फळ दुहेरी आहे. झेलीज कापणारे, गिलावा कोरणारे, देवदारावर रंगकाम करणारे कारागीर पुन्हा कामाला लागले आणि कोसळू पाहणाऱ्या वास्तू उभ्या राहिल्या. दुसरीकडे घरांच्या किमती वाढल्या आणि भाडेकरूंना बाहेर पडावे लागले. गल्लीतली सार्वजनिक भट्टी, हमामखाना आणि मुलांची शाळा शेजाऱ्यांवर जगतात. दोन रात्रींच्या पाहुण्यावर नव्हे.

१५/ फेझमधील सुतारांच्या चौकात अठराव्या शतकातील 'नज्जारीन' फुंदुक आहे. परक्यांच्या निवाऱ्यासाठी बांधलेली ही वास्तू दुरुस्तीनंतर १९९८ मध्ये लाकूडकामाचे संग्रहालय झाली. आता तेथे कोणी मुक्काम करत नाही. आणि परक्यांपासून दूर राहण्यासाठी बांधलेल्या घरांत मात्र जगभरचे परके उतरतात. दोन्ही वास्तू वाचल्या, पण ज्या समाजाने त्यांची कामे वाटून दिली होती, तो तटाआत किती उरतो, यावरच फेझचे जतन जोखावे लागेल.

#इतिहास #फेझ #मोरोक्को