निवृत्तिवेतन खात्यांचे रूपांतर आणि आयकर विवरणपत्रातील नोंद : बीड जिल्ह्यातील पगारदार शिक्षकांच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

बीड जिल्ह्याची ओळख सर्वसाधारणपणे अवर्षण आणि ऊसतोड कामगारांचे हंगामी स्थलांतर या दोन गोष्टींनी करून दिली जाते. अशा जिल्ह्यात दरमहा ठरावीक तारखेस वेतन मिळणारा वर्ग संख्येने लहान असला, तरी त्याच्या वेतनावर व निवृत्तीनंतरच्या उत्पन्नावर विस्तृत कुटुंबे अवलंबून असतात. या वर्गात शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांचे स्थान महत्त्वाचे आहे. त्यांच्या निवृत्तिवेतनाविषयी आंदोलनात्मक व राजकीय लेखन विपुल झाले आहे. परंतु एका योजनेतील रक्कम दुसऱ्या योजनेत वर्ग झाली, म्हणजेच खात्याचे रूपांतर झाले, तेव्हा त्या रकमेचे कायदेशीर स्वरूप कसे बदलले आणि आयकर विवरणपत्रात हा बदल कसा दिसला किंवा दिसला नाही, या बाजूकडे इतिहासलेखनाचे फारसे लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत लेखात याच बाजूचा विचार केला आहे.

या लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) मराठवाड्यातील निवृत्तिवेतन खात्यांच्या रूपांतराचे प्रमुख टप्पे नोंदविणे, (२) प्रत्येक टप्प्यावर आयकर कायद्याने त्या रकमेकडे कसे पाहिले हे तपासणे, (३) रूपांतराची नोंद विवरणपत्रात नीट न होण्याचे परिणाम स्पष्ट करणे. त्यासाठी शासन निर्णय व कायद्यातील तरतुदी यांच्या आधारे वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धती स्वीकारली आहे.

हैदराबाद संस्थानातून महाराष्ट्रात : पहिले रूपांतर

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानी नोकराच्या निवृत्तिवेतनास ‘वजीफा’ म्हणत. वेतन व वजीफा हाली शिक्क्यात मिळे. भारतीय रुपयाशी त्याचे प्रमाण सात हाली रुपयांस सहा भारतीय रुपये असे होते. म्हणजे भारतीय चलनात दर ठरविताना शंभर हाली रुपयांचा वजीफा सुमारे पंचाऐंशी रुपये अकरा आण्यांचा होई. संस्थानात हैदराबाद आयकर कायदा (१३५७ फसली) होता. १ एप्रिल १९५० पासून भारतीय आयकर कायदा, १९२२ या प्रदेशास लागू झाला आणि निवृत्तिवेतन ‘वेतन’ या शीर्षाखालील उत्पन्न म्हणून भारतीय कराच्या कक्षेत आले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बीडसह मराठवाड्याचे पाचही जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाले. राज्य पुनर्रचना अधिनियम, १९५६ च्या कलम ११५ मध्ये एक महत्त्वाचे परंतुक होते. वाटप झालेल्या कर्मचाऱ्याच्या सेवाशर्ती केंद्र शासनाच्या पूर्वमान्यतेशिवाय त्याच्या अहिताच्या दिशेने बदलता येणार नाहीत, असा त्याचा आशय होता. चलन, राज्य आणि नियम बदलले, तरी जुन्या सेवेचा हक्क नव्या हिशेबात क्षीण होऊ नये, हे तत्त्व येथे कायद्याने मान्य केले. पुढील रूपांतरांचे मूल्यमापन करताना हे तत्त्व निकष म्हणून उपयोगी पडते.

अंशदायी निधीकडून निवृत्तिवेतनाकडे

खासगी संस्थांच्या शाळांतील शिक्षकांना प्रारंभी निवृत्तिवेतन नव्हते. अंशदायी भविष्य निर्वाह निधी हाच त्यांचा आधार होता. शिक्षकाची वर्गणी आणि तिच्या जोडीस नियोक्त्याचे अंशदान, अशी त्याची रचना होती. ४ नोव्हेंबर १९६८ च्या शासन निर्णयाने मान्यताप्राप्त खासगी माध्यमिक शाळांतील शिक्षकांना १ एप्रिल १९६६ पासून निवृत्तिवेतन योजना लागू झाली. अशासकीय महाविद्यालयांतील कर्मचाऱ्यांसाठी असाच निर्णय २१ जुलै १९८३ रोजी झाला आणि तो १ ऑक्टोबर १९८२ पासून अंमलात आला. बीडच्या बलभीम महाविद्यालयातील किंवा अंबाजोगाईच्या योगेश्वरी महाविद्यालयातील प्राध्यापकास जुना निधी ठेवावा की निवृत्तिवेतन स्वीकारावे, हा पर्याय या टप्प्यावर द्यावयाचा होता.

वरकरणी हा केवळ सेवाविषयक पर्याय होता. वस्तुतः तो रकमेचे स्वरूपच बदलणारा होता. निवृत्तिवेतन स्वीकारणाऱ्याची स्वतःची वर्गणी भविष्य निर्वाह निधीत राही. नियोक्त्याचे अंशदान मात्र शासनाकडे जाई आणि त्याच्या बदल्यात आजीवन निवृत्तिवेतनाचा हक्क मिळे. आयकर कायदा, १९६१ प्रमाणे मान्यताप्राप्त निधीतून निवृत्तीच्या वेळी मिळणारी संचित रक्कम विहित अटींवर करमुक्त होती, तर दरमहाचे निवृत्तिवेतन करपात्र होते. अंशराशीकृत निवृत्तिवेतनास कलम १०(१०ए) खाली सूट होती. परंतु शासकीय सेवकास ती संपूर्ण, तर इतरांस मर्यादित प्रमाणात. अनुदानित महाविद्यालयातील प्राध्यापकाचे वेतन शासनाच्या तिजोरीतून येते, पण तो नोकर संस्थेचा असतो. त्यामुळे त्याला कोणत्या गटात धरावे हा प्रश्न पर्यायपत्रात कोठेही विचारला गेला नव्हता. तो निवृत्तीच्या वर्षी विवरणपत्र भरताना प्रथम समोर येई.

१ नोव्हेंबर २००५ : दिशा उलटली

३१ ऑक्टोबर २००५ च्या शासन निर्णयाने १ नोव्हेंबर २००५ रोजी व त्यानंतर नियुक्त झालेल्या कर्मचाऱ्यांसाठी परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना लागू करण्यात आली. कर्मचाऱ्याने मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १० टक्के रक्कम भरावयाची आणि शासनाने तेवढीच जोड द्यावयाची, असे तिचे स्वरूप होते. १९६८ व १९८३ मध्ये अंशदानाकडून निवृत्तिवेतनाकडे झालेला प्रवास येथे उलट दिशेने सुरू झाला. मात्र आधीच्या दोन्ही वेळी पर्याय विचारला गेला होता. २००५ मध्ये नियुक्तीची तारीख हीच निर्णायक ठरली. त्यातूनच, नियुक्ती २००५ पूर्वीची परंतु शाळा शंभर टक्के अनुदानावर आली ती त्यानंतर, अशा शिक्षकांचा दीर्घ वाद उद्भवला. विनाअनुदान व अंशतः अनुदान तत्त्वावर चालणाऱ्या शाळांतील शिक्षकांची वर्षानुवर्षांची सेवा या वादात अडकली.

या योजनेचा करविषयक पायाही प्रारंभी अस्थिर होता. आयकर कायद्यात २००४ मध्ये आलेले कलम ८०सीसीडी प्रथम केवळ केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी होते. २००७ च्या वित्त अधिनियमाने ते १ एप्रिल २००४ पासून पूर्वलक्षी प्रभावाने अन्य नियोक्त्यांच्या कर्मचाऱ्यांनाही लागू केले. तरीही कलमाची भाषा केंद्र शासनाने अधिसूचित केलेल्या योजनेची होती. राज्याने स्वतंत्रपणे चालविलेली योजना त्यात कशी बसवावी, हा प्रश्न आहरण व संवितरण अधिकारी म्हणून स्वाक्षरी करणाऱ्या मुख्याध्यापकापुढे व प्राचार्यापुढे उभा राहणे स्वाभाविक होते.

याहून महत्त्वाचा मुद्दा शासनाच्या वाट्याचा होता. कायद्याप्रमाणे नियोक्त्याचे अंशदान आधी कर्मचाऱ्याच्या वेतनात मिळवावयाचे व नंतर वजा करावयाचे असते. करनिर्धारण वर्ष २०११-१२ पर्यंत ही वजावट एक लाख रुपयांच्या एकत्रित मर्यादेत होती. विमा, गृहकर्जाची मुद्दल व स्वतःचे अंशदान यांनीच ज्याची मर्यादा भरत असे, त्याला हाती न आलेल्या शासनाच्या वाट्यावरही कर देण्याची वेळ येई. २०११ च्या वित्त अधिनियमाने नियोक्त्याचा वाटा या मर्यादेतून वगळला.

एनपीएस आणि वाढलेला वाटा

२७ ऑगस्ट २०१४ च्या शासन निर्णयाने राज्याने राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना, म्हणजेच एनपीएस, स्वीकारली आणि १ एप्रिल २०१५ पासून जुन्या खात्यांतील रकमा तिकडे वर्ग करण्याचा मार्ग मोकळा झाला. शाळा-महाविद्यालयांतील खाती त्यानंतर टप्प्याटप्प्याने वर्ग होत गेली. येथे रूपांतर केवळ खाते क्रमांकाचे नव्हते. शासनाच्या वहीतील व्याजी जमा ही आता बाजारातील चढउतारांशी बांधलेली गुंतवणूक झाली. त्याच सुमारास, करनिर्धारण वर्ष २०१६-१७ पासून, कलम ८०सीसीडी(१बी) खाली ५०,००० रुपयांची जादा वजावट उपलब्ध झाली.

२०१९ मध्ये राज्याने आपला वाटा १४ टक्के केला. एक साधे उदाहरण घेऊ. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून दरमहा ५०,००० रुपये असलेल्या शिक्षकाचे वार्षिक अंशदान ६०,००० रुपये आणि १४ टक्के दराने शासनाचे अंशदान ८४,००० रुपये होते. परंतु आयकर कायद्यात राज्य कर्मचाऱ्यांसाठी वजावटीची मर्यादा त्या वेळी १० टक्केच होती. म्हणजे पूर्ण वर्षात २४,००० रुपये करपात्र उरत. ही तफावत २०२२ च्या वित्त अधिनियमाने १ एप्रिल २०२० पासून पूर्वलक्षी प्रभावाने दूर केली. तोपर्यंत काही वर्षांची विवरणपत्रे दाखल होऊन गेली होती. कायदा मागे जाऊ शकतो. दाखल झालेले विवरणपत्र आपोआप मागे जात नाही.

२०२३-२४ : परतीचा पर्याय

मार्च २०२३ मध्ये राज्यभर झालेल्या कर्मचाऱ्यांच्या संपानंतर ३१ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने एनपीएसमधील कर्मचाऱ्यांना उपदान आणि सेवेत मृत्यू झाल्यास कुटुंब निवृत्तिवेतन लागू झाले. २ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने, ज्या पदांची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी निघाली होती परंतु नियुक्ती नंतर झाली, अशा राज्य शासकीय कर्मचाऱ्यांना जुन्या निवृत्तिवेतनाचा एकवेळचा पर्याय देण्यात आला. पर्याय स्वीकारल्यावर कर्मचाऱ्याचा वाटा भविष्य निर्वाह निधीत आणि शासनाचा वाटा शासनाच्या खात्यात जावयाचा होता. १९८३ मधील हिशेबाचीच ही पुनरावृत्ती होती.

येथे विवरणपत्राचा प्रश्न तीव्र होतो. शासनाचा जो वाटा अनेक वर्षे वेतनात मिळवून मग वजा केला गेला, तो कर्मचाऱ्याला कधीच मिळाला नाही असे आता ठरले. जेथे संपूर्ण वजावट मिळाली होती तेथे निव्वळ परिणाम शून्य. जेथे मर्यादेमुळे ती अपुरी पडली तेथे न मिळालेल्या रकमेवर कर भरला गेला. दुसरीकडे, योजना बंद करून किंवा तीतून बाहेर पडून ‘मिळालेली’ रक्कम कलम ८०सीसीडी(३) करपात्र मानते. निधीत थेट वर्ग झालेली रक्कम कर्मचाऱ्याच्या हाती येत नाही. परंतु हा भेद कागदोपत्री दाखविता आला पाहिजे. कुटुंब निवृत्तिवेतनाच्या बाबतीत तर शीर्षच बदलते. पतीच्या हयातीत जे ‘वेतन’ होते, ते विधवेच्या विवरणपत्रात ‘अन्य स्रोतांपासूनचे उत्पन्न’ होते व त्याला वेगळी वजावट लागू होते.

तुलनेसाठी अमेरिकेतील व्यवस्था पाहणे उद्बोधक ठरेल. १९९७ च्या कायद्याने तेथे रॉथ खाते निर्माण झाले आणि १९९८ पासून पारंपरिक निवृत्ती खात्याचे त्यात रूपांतर करता येऊ लागले. त्याची नोंद विवरणपत्रासोबतच्या फॉर्म ८६०६ वर होते. केलेले रूपांतर रद्द करून खात्याचे मूळ स्वरूप पुन्हा स्वीकारण्याची मुभाही होती. ती २०१७ च्या कायद्याने २०१८ पासूनच्या रूपांतरांसाठी काढून घेतली. वर्गणीचे स्वरूप बदलण्याची सोय मात्र कायम राहिली आणि अशा बदलाचे लेखी स्पष्टीकरण विवरणपत्रास जोडावे लागते. आपल्याकडे करनिर्धारण वर्ष २००७-०८ पासून विवरणपत्रे जोडपत्रांविना दाखल होतात. करदात्याची सोय झाली हे खरे. परंतु रूपांतराचे स्पष्टीकरण देण्याची जागाही त्याबरोबर गेली. सामान्य शिक्षकासाठी उरला तो फॉर्म १६ आणि सेवापुस्तकातील एक ओळ.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. मराठवाड्यात निवृत्तिवेतन खात्यांची रूपांतरे एकाच दिशेने झालेली नाहीत. अंशदानाकडून निवृत्तिवेतनाकडे, तेथून पुन्हा अंशदानाकडे आणि काहींच्या बाबतीत परत निवृत्तिवेतनाकडे असा हा प्रवास आहे. ‘एकदा दिलेला पर्याय अंतिम राहील’ हे वाक्य प्रशासकीय दृष्ट्या आवश्यक असले, तरी इतिहासाने ते वारंवार शिथिल केले आहे.

२. प्रत्येक रूपांतर सेवाविषयक बाब म्हणून हाताळले गेले. त्याचा करविषयक परिणाम नंतर, अनेकदा पूर्वलक्षी दुरुस्तीने, सोडविला गेला. १९५६ च्या परंतुकातील ‘अहित होऊ नये’ हे तत्त्व सेवाशर्तींपुरते राहिले. करापर्यंत ते पोहोचले नाही.

३. २०२२ पासून उपलब्ध झालेले अद्ययावत विवरणपत्र जादा कर भरण्यासाठी आहे, परतावा मागण्यासाठी नाही. त्यामुळे जुन्या वर्षांत जास्त भरलेला कर परत मिळविण्याचा मार्ग अरुंद आहे.

४. १९६१ च्या कायद्याऐवजी १ एप्रिल २०२६ पासून अंमलात येण्यासाठी आयकर अधिनियम, २०२५ संमत झाला. त्यात कलमांचे क्रमांक बदलले असून ‘करनिर्धारण वर्षा’ऐवजी ‘कर वर्ष’ ही संज्ञा आली आहे. पंचवीस-तीस वर्षांच्या सेवेचा हिशेब त्यामुळे दोन परिभाषांत वाचावा लागेल.

यास्तव खाते वर्ग करताना कर्मचाऱ्यास वर्षनिहाय प्रमाणपत्र मिळणे आवश्यक आहे. स्वतःचा वाटा, शासनाचा वाटा, व्याज किंवा वाढ आणि ती रक्कम कोठे गेली, हे चार रकाने त्यात असावेत. महाविद्यालयीन कार्यालयांनी पर्यायपत्रे, फॉर्म १६ व संबंधित शासन निर्णय एकत्र जतन केल्यास आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकास मोलाची साधने उपलब्ध होतील. त्याआधी ती उपयोगी पडतील, ती निवृत्तीच्या उंबरठ्यावरील सहकाऱ्यास आणि सहकाऱ्याच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज घेऊन कार्यालयात येणाऱ्या त्याच्या पत्नीस.