मावा आणि दामदुपटीचे जनुक

बटाट्याच्या किंवा कोबीच्या पानाखाली चिकटलेला हिरवट मावा आपण सर्वांनी पाहिलेला असतो. त्यातली एक जात मायझस पर्सिकी. ती रस शोषतेच, शिवाय बटाट्यात विषाणुरोगही पसरवते. त्यामुळे तिच्यावर फवारणी अटळ ठरली. फवाऱ्याला कीटक दाद देईनासे होतात, हे अमेरिकेत मेलँडर यांनी १९१४ सालीच दाखवले होते; पण तेव्हा किडीच्या शरीरात काय घडते, हे मात्र फार उशिरा कळले. माव्याच्या बाबतीत ते उलगडले इंग्लंडमधील रोथॅमस्टेड या जुन्या शेती संशोधन केंद्रात.

तेथील नीडहॅम आणि साविकी यांना १९७१ मध्ये आढळले, की सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांना न जुमानणाऱ्या माव्यात एस्टरेज विकराची, म्हणजे एन्झाइमची, क्रिया जास्त असते. अशा वेळी आम्हा संशोधकांना पहिली शंका येते ती विकर बदलून अधिक तरबेज झाल्याची. डेव्हनशर यांनी हे विकर (त्याचे नाव ई-४) वेगळे काढून १९७७ मध्ये तपासले. ते होते तसेच होते; फक्त प्रमाण वाढले होते.

मावा नराशिवाय पिल्ले देऊ शकतो. त्यामुळे एकाच मादीपासून एकसारखा वंश वाढवता येतो. डेव्हनशर आणि साविकी यांनी असे सात वंश घेऊन ई-४ चे प्रमाण मोजले, तेव्हा ते साधारण १, २, ४, ८, १६, ३२, ६४ असे चढत गेलेले दिसले. ही ओळ फळ्यावर लिहून मुलांना विचारावे, काय सुचते? या दोघांना सुचले, की विकराचे जनुकच दर पायरीला दुप्पट होत असावे. हा तर्क १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९८८ मध्ये लिंडा फील्ड आणि सहकाऱ्यांनी डीएनए तपासला, तेव्हा प्रतिकारक माव्यात त्या जनुकाच्या अनेक प्रती खरोखरच सापडल्या. मात्र पायऱ्या तर्काइतक्या नेटक्या नव्हत्या.

गंमत म्हणजे ई-४ कामाला अगदी मंद. कीटकनाशकाचा एक रेणू पकडला की बराच वेळ त्यालाच धरून बसते. पण एकेक कागद तासभर अडवणारे चौसष्ट कारकून बाहेर बसले, तर साहेबांपर्यंत काय पोचणार? चेतासंस्थेपर्यंत विष पोचू नये, एवढी सोय तेवढ्याने होते.

याच सुमारास आणखी एक गोष्ट दिसली. फवारणीविना वाढवलेल्या अतिप्रतिकारक वंशांतील काही मावा पुन्हा औषधाला बळी पडू लागला. औषध परत लागू पडले, असेच कोणीही म्हटले असते. पण वाढीव प्रती जागच्या जागी होत्या; त्यांच्यावरील मिथाइल गट तेवढे गेले होते आणि जनुके गप्प झाली होती. त्या वंशावर पुन्हा कीटकनाशकाचा मारा करून वाचलेला मावा निवडला, तेव्हा प्रतिकारही परतला.