टॉरेंटच्या तीनशे वर्षे आधी: मठामठांतील पोथ्यांचे जाळे

टॉरेंटवरील फाईल एका सर्व्हरवर विसंबून नसते. ती उतरवून घेणारा प्रत्येक जण पुढच्याला पुरवतो. अशा जाळ्यापुढे दोन प्रश्न कायम असतात. मध्यवर्ती ठिकाण कोसळले तर काय? आणि हातोहात फिरताना मजकूर बिघडला तर काय? मराठी छापखान्यापूर्वीच्या महाराष्ट्राला हे दोन्ही प्रश्न पडले होते.

आधी बिघाडाचे पाहू. ज्ञानेश्वरी १२९० मध्ये पूर्ण झाली. पुढील तीन शतके ती नकलांमधून पसरली, तशा तिच्यात चुका शिरल्या आणि हौशी मंडळींच्या पदरच्या ओव्याही. १५८४ मध्ये पैठणच्या एकनाथांनी प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि यापुढे कोणी भर घालू नये, असे बजावले. पण हा उपाय बिघाड झाल्यानंतरचा.

रामदासांनी तो नक्कल करणाऱ्याच्या बोरूपाशीच रोखू पाहिला. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास केवळ लेखनक्रियेवर आहे. आरंभापासून अखेरपर्यंत अक्षर एकसारखे असावे. तरुणपणीच्या हौसेने फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते वाचवत नाही. आणि चारही बाजूंनी समास सोडावा, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही. अध्यात्माच्या ग्रंथात इतका व्यवहारी मजकूर पाहून मला प्रथम हसू आले होते.

आता जाळे. चाफळ आणि सज्जनगड ही त्याची मुख्य ठाणी. आमच्या कवठे महांकाळहून तासाभराच्या वाटेवर मिरजेला वेणाबाईंचा मठ. बालविधवा स्त्री मठाधिपती होऊन कीर्तन करते, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. परांड्याजवळ डोमगावला कल्याणस्वामी, तर थेट तंजावरला भीमस्वामी. ग्रंथांच्या प्रती अशा दूरदूर विखुरल्या.

रामदास १६८२ मध्ये निवर्तले. १७०० मध्ये औरंगजेबाच्या फौजेने साताऱ्यापाठोपाठ सज्जनगडही घेतला आणि त्याचे नाव ‘नौरसतारा’ ठेवले. ग्रंथ केवळ गडावर असता, तर त्याचे भवितव्य किल्ल्याच्या दैवाशी बांधले गेले असते.

मात्र या जाळ्यातील सगळ्या प्रती सारख्या तोलाच्या नव्हत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी दासबोध छापण्यास घेतला, तेव्हा आधारासाठी निवडली ती गडावरची पोथी नव्हे, तर डोमगावची कल्याणस्वामींची प्रत.