मंडईची पहिली दिवाळी

मनगटावरचं घड्याळ काढा आणि मोबाइल पौडलाच ठेवून या. आपण निघालोय 1886 सालच्या धनत्रयोदशीला, पुण्याच्या नव्या मंडईत. गाडीघोडं काही मिळायचं नाही. मध्यरात्रीच पायी निघायचं, तेव्हा कुठे उजाडता उजाडता लकडी पूल दिसेल.

वाटाड्या म्हणून मी आहेच, पण खरा वाटाड्या तो पुढचा म्हातारा. मुळशी खोऱ्यातला कुळवाडी. डोक्याला मुंडासं, अंगावर घोंगडी, गुडघ्याच्या वर खोचलेलं धोतर. बैलाच्या पाठीवर गोणी टाकलीय. एका बाजूला तांदूळ, दुसऱ्या बाजूला कारिटं. तांदूळ गेल्या सालचा आंबेमोहोर. यंदाचं गरवं भात अजून खाचरात उभं आहे. बैलाच्या डाव्या अंगाने चाला म्हणजे गोणीचा वास येत राहील. एकच पथ्य पाळा. पुढे काय व्हायचंय ते तुम्हाला ठाऊक आहे, त्याला नाही. तोंड सांभाळा.

पिरंगुट मागे पडतं, मग भुकूम, मग भूगाव. बावधनाजवळ, चांदणी चौकात तुम्ही एरवी गाडीत बसून हॉर्न वाजवता त्या जागी, आता नुसता रातकिड्यांचा आवाज आहे. कोथरूड हे छोटं खेडं, भोवती शेतं. पहाटे क्षितिजावर चंद्राची कोर येते आणि खाली मुठा दिसते. लकडी पूल नावालाच लाकडी; पेशव्यांनी पानिपतानंतर बांधलेला पूल पुराने नेला, आता तुम्ही चालताय तो दगडी. शहरात माल आणायचा तर नगरपालिकेची जकात भरावी लागते. म्हातारा कनवटीला हात घालतो आणि पुटपुटत दमडी-पैका मोजून देतो.

तुम्हाला वाटेल आता थेट बाजार. तसं नाही. बैल आपणहून सदाशिव पेठेतल्या एका बोळात वळतो. त्याला दरसालची सवय आहे. वाड्याच्या ओसरीवर सावकाराचा कारकून खतावणी मांडून बसलाय. तांदळाची गोणी इथेच उतरायची. जरा जवळ सरका आणि पायलीकडे बघा. गडी माप भरतो, वर तांदळाची शीग चढवतो, दाणे कडेवरून घरंगळेपर्यंत थांबतो आणि मगच मोठ्याने म्हणतो, ‘लाभ!’ पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. मग दोन, मग तीन. ज्येष्ठात म्हाताऱ्याने याच वाड्यातून बियाणं नेलं, तेव्हा याच पायलीवरून कारकुनाने तळहात फिरवून माप सपाट केलं होतं. देताना हात फिरवलेली, घेताना शिगेची. या फरकाचा हिशेब खतावणीत कुठे सापडत नाही. तीनच वर्षांपूर्वी, 1883 साली, जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तो असल्याच हिशेबांपायी.

निघू या. आता बैल हलका झालाय आणि म्हातारा बोलका. विश्रामबागवाड्यावरून जाताना तो मान वर करून बघतो. 1879 च्या मे महिन्यात वाड्याला आग लागली होती, ती बातमी त्याच्या खोऱ्यापर्यंत पोचली होती. पुढे तुळशीबाग. नारो आप्पाजी खिऱ्यांनी 1761 साली इथे राममंदिराचं काम सुरू केलं. देवळाभोवती आता दुकानांनी कोंडाळं केलंय. पितळेची ताम्हनं, निरांजनं, बांगड्या, कुंकवाचे करंडे. कसब्यातल्या कुंभारवाड्यातून आलेल्या पणत्या पेंढ्यात रचलेल्या आहेत. कुंभारीण प्रत्येक पणती बोटाच्या पेराने टिचकावून देते. टण्ण वाजली तर टोपलीत, बद्द वाजली तर बाजूला. उटणं, सुगंधी तेल आणि ओल्या झेंडूचा एकच वास होऊन नाकात शिरतो.

सणाच्या बाजारात वाटाड्याबरोबर हिंडायची हौस जगात इतरत्रही आहे. जर्मनीत न्यूरेंबर्गला नाताळाआधी चौकात लाल-पांढऱ्या कापडाच्या टपऱ्या लागतात, आणि त्या बाजाराचा जुना पुरावा म्हणून 1628 सालचा, तळाशी मजकूर लिहिलेला एक लाकडी डबा जपून ठेवलाय. पुण्याच्या दिवाळीबाजाराचा डबा कोणी जपला नाही. म्हणून तर तुम्हाला इतकं चालवत आणलं.

आणि ही आली मंडई. मान मागे टाकून बघा. मधोमध अष्टकोनी मनोरा, त्याच्या आठ बाजूंनी फाकलेले आठ हात, काळा दगड, उंच टोकदार कमानी. बांधकाम वासुदेव बापूजी कानिटकरांचं. याच महिन्यात उद्घाटन झालंय. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव दिलंय म्हणून कागदोपत्री ‘रे मार्केट’. लोक मात्र पहिल्या दिवसापासून मंडईच म्हणतात. एरवी शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात उन्हापावसात भाजी विकणारी मंडळी आता छपराखाली उंचावर बसलीत. तराजूच्या साखळ्या खणखणतायत. चुन्याचा ताजा वास अजून गेलेला नाही.

म्हातारा आत जात नाही. आतल्या गाळ्याला भाडं पडतं. तो कमानीबाहेर, दगडाच्या सावलीत पोतं अंथरतो आणि कारिटांचा ढीग ओततो. हिरवी, पट्ट्यापट्ट्यांची, लिंबाएवढी. मुळशीच्या बांधावर ती फुकट वाढतात. परवा पहाटे, नरकचतुर्दशीच्या अभ्यंगानंतर, पुण्यातल्या घराघरांत त्यातलं एकेक डाव्या पायाच्या अंगठ्याखाली फुटेल.

‘काय रे, कारिटं कशी दिलीस?’ नऊवारीतल्या एक बाई विचारतात.

‘पैशाला पाच, बाई.’

‘पाच? काल सहा देत होते.’

‘काल गावलं त्येच आज कुठलं? घ्या, घरात मानसं किती?’

‘आठ.’

‘मंग धा घ्या. दोन पैसं. पावनं आलं तर लागंल.’

बाई हसतात आणि दहा घेतात. तेवढ्या वेळात मी तुम्हाला गंज पेठेकडचा रस्ता दाखवतो. दहा-पंधरा मिनिटांवर जोतीराव राहतात. नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी आणि हरी रावजी चिपळूणकरांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता. एवढा पैसा लोकांच्या शिक्षणावर खर्चावा असं जोतीरावांचं म्हणणं होतं. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना याच मंडईला महात्मा फुल्यांचं नाव मिळेल. ज्यांनी नको म्हटलं त्यांचंच नाव दारावर. पुण्याच्या स्वभावाला धरूनच झालं म्हणायचं.

डोळे मिटा, जागचे हलू नका. पस्तीस वर्षं पुढे या. 1921. मंडईभोवती तीच गर्दी, पण बातमी वेगळी. म्हाताऱ्याच्या मुळशी खोऱ्यात, मुळा-निळेच्या संगमावर टाटा कंपनी धरण बांधतेय. पाणी सह्याद्रीखाली भिऱ्याला सोडायचं, त्यावर वीज करायची आणि ती मुंबईला न्यायची. पन्नासच्या आसपास गावांची भातखाचरं त्यात जाणार आहेत. 16 एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी धरणाच्या कामावर ठाण मांडलं. पुढे सेनापती बापट त्यांचे पुढारी झाले. लाठ्या झाल्या, तुरुंग झाले. पण बऱ्याच जमिनी कर्जापायी पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडल्या होत्या, आणि सावकारांना खाचरापेक्षा नुकसानभरपाईची रोकड सोयीची वाटली. त्यांनी सौदा केला आणि लढ्याचा कणाच मोडला. शिगेची पायली आठवतेय ना? तीच इथवर आली. 1924 च्या जुलैत याच मंडईच्या आवारात लोकमान्यांचा पुतळा उभा राहिला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बापट मुळशीसाठी पिस्तूल घेऊन रेल्वेच्या वाटेवर उतरले आणि तुरुंगात गेले.

परत या 1886 मध्ये. दुपार झालीय, पोतं रिकामं झालंय. म्हाताऱ्याने मीठ घेतलं, गूळ घेतला, नातीला काचेच्या बांगड्या घेतल्या आणि उरलेलं नाणं पुन्हा कनवटीला लावलं. गोणी झटकून बैलावर टाकता टाकता तो पहिल्यांदाच तुमच्याकडे नीट बघतो.

‘पावनं, गाव कंचं तुमचं?’

तुमच्या तोंडून खरं ते निघून जातं. ‘मुळशी.’

‘आमच्याच खोऱ्यातलं की! कुनाकडलं म्हनायचं? आन तुमच्याकडं पान्याचं कसं काय औंदा?’

पथ्य आठवा. खोटं बोलायचं नाही आणि सगळं सांगायचंही नाही.

‘पाणी भरपूर आहे, बाबा.’

‘मंग भात झ्याक हुत आसंल,’ तो म्हणतो आणि बैलाला हाकारा देतो.